वाटणीनंतर उरलेला नाद

एका राज्यात तांबरा नावाची रुंद नदी वाहत असे, आणि तिच्या पूर्वतीरावर माइंदेव आणि हेमाडी हे दोन ओतारी भागीदारीत घंटा ओतत असत. माइंदेव भट्टीच्या ज्वाळेचा रंग ओळखी. हेमाडी तापल्या मुशीला कान देऊन धातूचा आवाज ऐके. आपली विद्या त्यांनी एकमेकांना कधी दिली नाही. दिली ती एका साळुंकीला. ती भट्टीच्या आढ्यावर बसे, आणि धातू पिकला की म्हणे, "ओता आता." मग दोघे ओतत. राज्यातल्या साऱ्या घंटा त्यांच्याच, आणि प्रत्येकीवर दोन तळव्यांची खूण असे. ती एका काशाच्या ठशाने उमटवीत, आणि लोक तो ठसा पाहूनच घंटा घेत.

तांबरेवर धुके फार. धुके उतरले की घाटावरची मोठी घंटा वाजे आणि नावा तिच्या नादाच्या रोखाने काठाला लागत. ती घंटाही यांनीच ओतलेली. माइंदेवाची लेक लखमा त्याच घाटावर नाव चालवी. आईवेगळी पोर, हेमाडीला मूलबाळ नव्हते, म्हणून ती अर्धी त्याच्या खांद्यावरच वाढली होती.

पुढे दोघांचे बिनसले. माइंदेवाला देवळांच्या आणि राजवाड्यांच्या थोरल्या घंटाच ओतायच्या होत्या. हेमाडीला गायीगुरांच्या गळ्यातल्या आणि नावांच्या. खोटे कुणाचेच नव्हते, पण एका भट्टीत दोन हट्ट शिजेनात. बोलणे तुटले, जेवणे वेगळी झाली, आणि एके दिवशी दोघेही मांत्रिक धूम्रकेशाच्या दारी उभे राहिले.

धूम्रकेशाजवळ एक काळा दोरा होता. तो ज्यावरून फिरे, त्याचे दोन सारखे भाग होत. केसाचाही फरक पडत नसे.

"माझी दक्षिणा एवढीच," मांत्रिक म्हणाला. "वाटणी झाल्यावर जे उरेल, ते माझे."

दोघांनी मनाशी विचार केला, की सारख्या वाटणीत उरणार ते काय? काम फुकटात होते म्हटल्यावर शहाण्या माणसाची अक्कलही जरा बाजूला सरून बसते. दोघांनी मान डोलावली.

दोरा भट्टीवरून फिरला, भट्टी दुभंगली. भात्यावरून फिरला, दोघांच्या वाट्याला अर्धा अर्धा भाता आला आणि एकातूनही वारा येईना. मूस चिरली, तिच्यात पाणीसुद्धा ठरेना. तरी दोघे आपापली अर्धुके मोजून समाधानाने मांडून ठेवत होते. माणूस भांडणात असला की त्याला अर्धा भाताही गोड लागतो.

तीन गोष्टींवरून मात्र दोरा घसरला. भट्टीतला विस्तव, ती साळुंकी आणि तो ठसा.

"या तुमच्या तुम्ही वाटा," धूम्रकेश म्हणाला, आणि एका तांब्याच्या घड्यावर झाकण बसवून उठला. "जे उरले, ते मी घेतले."

"काय उरले?" हेमाडीने विचारले.

"नाद," मांत्रिक म्हणाला. "तो एकट्या तुझा नव्हता, एकट्या याचाही नव्हता."

त्याच घटकेला राज्यातल्या साऱ्या घंटा मुक्या झाल्या. देवळांत लोलक आपटत राहिले आणि आवाज आला नाही. तांबरेवर धुके उतरले ते उठेना. नदीत गेलेल्या नावा आत फिरतच राहिल्या. काठावरच्या लोकांना नावेतल्यांचे बोलणे ऐकू येई, नावेतल्यांना काठावरचे काहीच ऐकू येत नसे. त्या नावांत एक लखमाची होती.

राजा सिंहधवल स्वतः घाटावर आला. त्याने दोघांना समोर उभे केले.

"भट्टी तुमची होती, वाटणी तुमची होती," राजा म्हणाला. "पण धुक्यात आहेत ती माझी माणसे आहेत. नाद परत आणा."

धुक्यातून हाक आली. "बाबा! काका! घंटा का वाजत नाही?"

माइंदेवाने तोंडात उपरणे कोंबले. हेमाडी पाण्याच्या कडेपर्यंत धावला. मग दोघे वळले आणि धूम्रकेशाकडे चालू लागले.

मांत्रिक घड्याला टेकून बसला होता. "तीन गोष्टी वाटायच्या राहिल्या आहेत," तो म्हणाला. "अशा वाटा, की मागे काही उरू नये. कुणाच्या मनातही नाही. साधले, तर घडा तुमचा. उरले, तर तेही माझे."

दोघे भट्टीपाशी परतले. आधी विस्तव. माइंदेवाने खापर पुढे केले, हेमाडीने त्यात निखारे ओढले. अर्धा झाला का म्हणून दोघांनी वाकून पाहिले, तर भट्टीतला विस्तव होता तेवढाच होता आणि खापरातलाही फुलून आला होता. इतकी वर्षे आगीजवळ काढून ही गोष्ट त्यांनी कधी पाहिली नव्हती. दूर मांत्रिकाच्या हाताखाली घड्याचे झाकण हलले.

मग साळुंकी. दोघांनी एकदमच हात पसरले, कारण तिच्यावाचून ओतायचे कसे?

"मी कुणाच्या वाट्याची नाही," साळुंकी आढ्यावरून म्हणाली. "माझ्यात तुमचे जे आहे, ते एकमेकांना द्या आणि मला सोडा."

याच विद्येच्या जोरावर प्रत्येकजण दुसऱ्याला अडवून धरून होता.  तेवढ्यात धुक्यातून लखमाची हाक पुन्हा आली, पहिलीपेक्षा बारीक.

"ये, हेमाडी," माइंदेव म्हणाला. "ज्वाळेच्या टोकाशी हिरवी झाक येते, ती पाहा. ती गेली, की धातू पिकला."

"आणि तू कान दे," हेमाडी म्हणाला. "कच्चा धातू कुरकुरतो. पिकला की गप्प होतो."

साळुंकीने दोघांचे ऐकून घेतले, पंख झटकले आणि ती उडून गेली. झाकण दुसऱ्यांदा हलले.

राहिला ठसा. विस्तव देऊन सरला नव्हता, विद्या देऊन सरली नव्हती. पण ठसा एकच होता आणि दोघांचा नावलौकिक त्याच्यावर होता.

"तूच घे," हेमाडी म्हणाला.

माइंदेवाने हात पुढे केला. झाकण हलले नाही. हेमाडीने दिला होता, पण त्याचा जीव त्यातच अडकला होता, आणि ते दोघांनाही दिसत होते.

"मग तू घे," माइंदेव म्हणाला. तेव्हाही झाकण हलले नाही.

धुक्यातून हाक येणे थांबले होते. माइंदेव घाटाकडे वळला. "हेमाडी, पोरीचा आवाज येत नाही रे."

हेमाडीने भट्टीकडे पाहिले, मग माइंदेवाकडे. माइंदेवाने मान डोलावली. दुभंगलेल्या मुशीची दोन अर्धुके त्यांनी चिखलाने सांधली, भात्याची दोन अर्धुके छातीशी धरून एकमेकांना भिडवली, आणि ठसा मुशीत सोडला. दोन तळवे वितळताना दोघेही पाहत होते. हेमाडी उघड रडला. ज्वाळेची हिरवी झाक गेली ती या वेळी हेमाडीने ओळखली. धातू गप्प झाला तो माइंदेवाने ऐकला. "ओता आता," असे दोघांनी मिळूनच म्हटले.

त्या धातूचा त्यांनी एक लोलक ओतला. त्यावर कसलीच खूण नव्हती. तो त्यांनी घाटावरच्या मुक्या घंटेत टांगला आणि दोरी ओढली.

धूम्रकेशाचा घडा मधोमध फुटला. काळ्या दोऱ्याची राख झाली, आणि मांत्रिक त्या राज्यात पुन्हा कुणाला दिसला नाही. घाटावरची घंटा वाजली, तिच्यामागून देवळांच्या, वाड्यांच्या आणि गायींच्या गळ्यातल्या साऱ्या घंटा वाजल्या. दुभंगलेले सांधले गेले. धुक्यातून एकेक नाव बाहेर आली. सर्वांत शेवटी लखमाची आली. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. दोघे कमरेइतक्या पाण्यात शिरले, आणि तिला उतरवताना कुणी कुणाला बाजूला सारले नाही.

राजाने विचारले, "आता पुन्हा भागीदारी करणार ना?"

"नाही, महाराज," हेमाडी म्हणाला. "आमच्या वाटा वेगळ्याच आहेत."

"पण आता वाटणी करता येईल," माइंदेव म्हणाला.

भट्टी जागची हलत नव्हती, ती माइंदेवाकडे राहिली. भाता आणि मूस हेमाडीने नेली. खापरातला विस्तव लखमाने आपल्या नावेत मांडीवर धरून पलीकडे पोचवला. पश्चिमतीरावर हेमाडीने नवी भट्टी बांधली आणि तिच्यातून पहिली घंटा ओतली ती आपल्या काठाच्या घाटासाठी.

तेव्हापासून तांबरेवर धुके उतरले की पूर्वेकडून माइंदेव दोरी ओढी आणि पश्चिमेकडून हेमाडी. पूर्वी नावांना एकच काठ ऐकू येत असे. आता दोन्ही ऐकू येत, आणि लखमा दोन नादांच्या मधून सरळ नाव नेई.

त्या राज्यात पुढे सारे सुखाने नांदले. आपल्याही वाटण्यांमागे असेच काही न उरो.