प्रोजेक्टरवरची कानटोपी

एका मोठ्या विद्यापीठात एकदा एका तरुण प्राध्यापिकेच्या वाट्याला पदार्थविज्ञानाचा पहिल्या वर्षाचा वर्ग आला. वर्ग कसला, जत्राच ती. सभागृहाच्या उतरत्या बाकांवर शेकडो मुले बसत. पुढच्या रांगा टिपणे उतरवून घेत, मधल्या रांगा जांभया आवरत, आणि शेवटच्या रांगांत काय चाले ते त्या रांगांनाच ठाऊक. या प्राध्यापिकेचे नाव शर्वरी सोमण. या मुलांना बोलते करायचेच, असे तिने मनाशी ठरवले.

विभागप्रमुखांच्या मागे लागून तिने क्लिकर मिळवले. क्लिकर म्हणजे मुठीत मावेल एवढे बटणांचे यंत्र, प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती एक. शर्वरीने प्रश्न विचारायचा, मुलांनी आपल्या उत्तराचे बटण दाबायचे, आणि कोणत्या उत्तराला किती मते पडत आहेत ते पडद्यावरच्या रंगीत पट्ट्यांत तत्काळ दिसायचे. वर्ग खडबडून जागा झाला. बटणे टकटक वाजू लागली, बरोबर उत्तराची हिरवी पट्टी रोज सरसर चढू लागली, आणि शर्वरीचा आनंद गगनात मावेना.

मग चाचणी झाली आणि अर्धा वर्ग सपशेल आपटला. विभागप्रमुखांनी तिला बोलावून घेतले आणि अगदी सौम्य शब्दांत सांगितले, की पुढच्या चाचणीतही हेच घडले तर क्लिकर कपाटात जातील आणि वर्ग दुसऱ्या कोणाकडे जाईल. क्लिकरचे एवढे काही नव्हते. पण आपल्याला शिकवता येत नाही, हे सिद्ध होण्याची शर्वरीला विलक्षण भीती वाटली.

ती आपल्या गुरूंकडे गेली. बोरवणकर सर निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, पण वर्ग म्हटला की त्यांचे डोळे अजून लकाकत. सगळे ऐकून त्यांनी एवढेच विचारले, की तुझ्या सभागृहात एसी फार गार असतो का. दुसऱ्या दिवशी ते कानटोपी घालून शेवटच्या रांगेत येऊन बसले, तेव्हा शेजारची मुले एकमेकांना कोपर मारून हसली.

पहिल्या प्रश्नाला नेहमीप्रमाणे हिरवी पट्टी झेपावली. शर्वरीने अभिमानाने सरांकडे पाहिले. सर पडद्याकडे नव्हे, मुलांकडे पाहत होते. तिने दुसरा प्रश्न मांडला: तळ्यात एक नाव आहे, नावेत मोठा दगड आहे, तो उचलून पाण्यात टाकला, तर तळ्याचे पाणी चढेल, उतरेल, की तेवढेच राहील?

कोणी बटण दाबण्याआधीच सर पायऱ्या उतरून खाली आले, त्यांनी डोक्यावरची कानटोपी काढली आणि टेबलावरच्या प्रोजेक्टरच्या तोंडावर चढवली. पडदा काळा झाला. सभागृहात हशा पिकला. शर्वरी ओशाळून पुढे झाली, तशी सरांनी तिला हाताने थांबवले आणि मुलांना उत्तर द्यायला सांगितले.

"सर, पण जास्त मते कशाला आहेत?" मधल्या रांगेतून एकाने विचारले.

"ते मला काय ठाऊक? तुला काय वाटते ते दाब."

हसणे विरले. एरवी भराभर चालणारी बोटे बटणांवर घुटमळू लागली. मते पडली तेव्हा शर्वरीने आपल्या लॅपटॉपवर पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. तिन्ही पट्ट्या जवळपास सारख्या उंचीच्या होत्या. सरांनीही डोकावून पाहिले. ते मात्र भलतेच खूश झाले. टोपी तशीच ठेवून त्यांनी मुलांना सांगितले, की ज्याने वेगळे बटण दाबले असा शेजारी शोधा आणि त्याला आपले म्हणणे पटवा.

सभागृह अक्षरशः दणाणले. शर्वरी प्रथमच बाकांमधून वर चढत गेली. शेवटच्या रांगेत एका मुलीने डब्याच्या झाकणात खोडरबर ठेवले होते आणि ती शेजाऱ्याला सांगत होती, "नावेत असताना दगड त्याच्या वजनाइतकं पाणी सारतो. बुडाला की फक्त त्याच्या आकाराइतकं. मग पाणी उतरणार नाही तर काय?"

"थांब थांब, परत सांग," शेजारी म्हणाला. तो एरवी झोपलेला असे.

पुन्हा मते घेतली आणि मगच सरांनी टोपी काढली. 'उतरेल'ची पट्टी चांगली उंच झाली होती. उरलेल्या दोन पट्ट्याही थोड्या शिल्लक होत्या, आणि त्या दोन्ही गटांतली मुले अजून हुज्जत घालत होती.

नंतर उपाहारगृहात चहा घेताना सर म्हणाले, "शर्वरी, तू प्रश्न विचारत होतीस आणि त्याच वेळी उत्तर पडद्यावर दाखवत होतीस. पुढची चार हुशार मुले बटण दाबत, पट्टी हलली की बाकीची तिच्या मागे जात. त्यांचा दोष नाही. सगळ्यांहून वेगळे पडायला कोणाला आवडते? चुकायला आडोसा लागतो, आणि चूक सुधारायला सोबत लागते. तुझे यंत्र दोन्ही देऊ शकते. तू त्याच्याकडे फक्त टाळ्या मागितल्यास." मग ते मिस्कील हसले. "खरे सांग, ती चढणारी पट्टी पाहायला सर्वांत जास्त कोणाला आवडायचे?"

शर्वरीने कपात पाहिले. मते पडेपर्यंत निकाल झाकून ठेवण्याची सोय त्या यंत्रात होती. ती तिला पहिल्या दिवसापासून माहीत होती.

"मला," ती म्हणाली.

सरांनी कानटोपी पुन्हा चढवली आणि ती प्रोजेक्टरमुळे छान उबदार झाल्याचे समाधानाने सांगितले.

पुढच्या चाचणीत सगळेच काही तरले नाहीत, पण बहुतेक तरले, आणि कपाटाचा विषय विभागप्रमुखांनी पुन्हा काढला नाही. एकदा मात्र गोंगाट ऐकून ते दारात येऊन उभे राहिले. पडदा कोरा होता आणि शर्वरीच्या लॅपटॉपवर तिन्ही पट्ट्या एकमेकींशी बरोबरी करत होत्या. अर्ध्याहून अधिक वर्ग चुकला आहे, हे त्यांनाही दुरून दिसले. त्यांनी काळजीने तिच्याकडे पाहिले.

शर्वरी मुलांकडे वळली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

"छान," ती म्हणाली, "आता शेजाऱ्याशी बोला."