चिखलात बसलेली सायाळ आणि नवा बोका

जांभळांच्या रानात, ओढ्याच्या वरच्या अंगाला एका सायाळीचं बीळ होतं. सायाळ ना तरुण, ना म्हातारी. पिल्लं मोठी होऊन आपापल्या बिळांत गेली होती, गुडघे कुरकुरायला लागले होते, पण स्वच्छतेची हौस काही कमी झाली नव्हती. तिच्या बिळात कंद एका कोपऱ्यात, साली दुसऱ्या कोपऱ्यात आणि सुकी पानं तिसऱ्या कोपऱ्यात असायची. काट्यांना जरा माती लागली की ती आधी ओढ्यावर जाऊन धुऊन यायची, मगच जेवायची. "मी मरणार असेन ना, तरी आधी बीळ झाडून घेईन," असं तीच म्हणायची आणि तीच हसायची.

मुलांनो, तिची आणखी एक खोड होती. काळजी वाटली की तिच्या शेपटीवरचे काटे थरथरायचे आणि एकमेकांवर आपटून खडखड खडखड वाजायचे. जन्मापासूनचा आवाज तो, त्यामुळे तिला स्वतःला तो ऐकूच येत नसे. आपलं घोरणं आपल्याला कुठे ऐकू येतं, तसंच.

त्या वर्षी रानाच्या कडेची राखणदाराची चौकी बंद झाली. राखणदाराचं सामान टेम्पोत चढलं. खाट गेली, पातेली गेली, कोंबड्यासुद्धा गेल्या. टेम्पोच्या घरघरीला घाबरून त्याचा बोका छपरावर चढून बसला होता, त्याला हाका मारायला कुणाला वेळ झाला नाही. तीन दिवसांनी सायाळ तिकडून चालली होती, तेव्हा तो पायरीवर बसलेला दिसला. पुढ्यात गोणपाटाचा एक तुकडा.

"कंद खातोस का रे?" सायाळीनं विचारलं.

"नाही," बोका म्हणाला.

"बरं, मग काय खातोस ते बघू. चल माझ्याकडे. जागा आहे, आणि मलाही कुणाच्या तरी मागे लागायची सवय आहे."

बोका गोणपाट तोंडात धरून तिच्या मागोमाग आला. त्या गोणपाटाला जुना, कुबट वास येत होता. सायाळीनं पहिलं काम कुठलं केलं असेल? ते ओढ्यावर नेऊन तीनदा धुतलं आणि खडकावर वाळवलं. "बघ, कसं नव्यासारखं झालंय!" ती म्हणाली. बोक्यानं ते हुंगलं आणि तो त्यावर न बसता बाजूला जमिनीवर बसला.

आता त्या रानात एक रीत होती. कुणी नवा राहायला आला की सात दिवस त्याला बिळाच्या दारात बसवायचं आणि रानातल्या प्रत्येकानं येऊन त्याला हुंगून जायचं. रीत तशी शहाणपणाची होती. एकदा वास ओळखीचा झाला की अंधारात चुकून कुणी कुणाला फाडत नसे. सायाळ रीतीभातीची पक्की. तिनं दारातच पानं अंथरली, त्यावर बोक्याला बसवलं, समोर पाण्याचा द्रोण ठेवला आणि द्रोणाला लागूनच लघवीसाठी वाळूचा छान चौकोन केला. आल्यागेल्याला दिसायला हवं ना, की सायाळीकडे सगळी सोय आहे!

पहिल्या दिवशी वानरं आली. दुसऱ्या दिवशी भेकरं, ससे आणि दोन मुंगसं. सगळ्यांनी बोक्याच्या मानेत, पोटात, शेपटीखाली नाक घालून हुंगलं. बोका डोळे मिटून बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सायाळीला आपल्या अंथरुणात ओल लागली. मग सालींच्या ढिगात. दुपारी कंद काढायला गेली, तर वरच्याच कंदावर चारपाच थेंब, आणि त्यांना गुलाबी छटा. वाळूचा चौकोन मात्र कोरडा ठाक.

"अरे देवा," सायाळ म्हणाली, "एवढं मोठं रान पडलंय आणि तुला माझे कंदच सापडले होय?"

"मुद्दाम नाही करत मी," बोका हळूच म्हणाला. "लागते, पण बसलो की येत नाही. आणि मग कुठेही येते. दुखतं पण."

शेजारच्या जांभळावरून वानरीण खाली वाकली. ती कधीही वाकलेलीच असायची. "मुद्दामच करतो तो, सायाळबाई! माणसांत वाढलेला ना! नाक घासा त्याचं त्यात, एका दिवसात सरळ होतो की नाही बघा."

"तुमच्या थोरल्याचं घासलं होतंत ना हो नाक? झाला का सरळ?" सायाळीनं विचारलं. वानरीण फांदी बदलून बसली.

सायाळीनं नाक घासलं नाही, पण बाकी काही करायचं ठेवलं नाही. वाळू बदलली. चौकोन इकडून तिकडे नेला, पुन्हा इकडे आणला. अंथरूण झाडलं, कंद धुतले, परत ओले झाले, परत धुतले. आणि बोका वाळूकडे वळला रे वळला की ती धावत मागे जायची. "झाली का? होतेय का? थोडी तरी?" मागे काटे खडखड खडखड. बोका वाळूत बसायचा, अंग आकसायचा आणि तसाच उठायचा. चौथ्या दिवशी सकाळपासून तर एक थेंबही नाही. खाणं बंद, पोट हाताला घट्ट. बोका आल्यापासून सायाळीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. ती बिळात शिरताना दोनदा भिंतीवर आपटली आणि दोन्ही वेळा भिंतीला "सरका जरा" म्हणाली.

शेवटी ती घोरपडीकडे गेली. घोरपड रानातली वैद्य. दिवसभर एका सपाट खडकावर ऊन खात पडायची आणि कुणासाठीही घाई करायची नाही.

"वैद्यबाई, चला हो. माझा बोका मुतत नाही."

"तुझा कधीपासून झाला?"

"चार दिवस."

"चार दिवसांत चेहरा असा झालाय?" असं म्हणत घोरपड उठली. हे ती क्वचितच करायची, म्हणून सायाळीला जास्तच भीती वाटली.

बिळापाशी येऊन घोरपडीनं बोक्याला कुशीवर निजवलं आणि पोट चाचपलं. सायाळ डोक्यापाशी उभी होती. "काय आहे हो? खडा आहे का? वाचेल ना? बोला ना काहीतरी." खडखड खडखड.

घोरपडीचा हात पोटावर होता. आवाज झाला की हाताखालचं पोट दगडासारखं व्हायचं. तिनं सायाळीकडे पाहिलं, मग पोटाकडे, मग पुन्हा सायाळीकडे.

"जरा तिकडे लांब जा बघू," ती म्हणाली. "आणखी लांब. त्या वारुळापाशी."

सायाळ वारुळापाशी गेली. घोरपडीच्या हाताखालचं पोट हळूहळू मऊ झालं.

घोरपड तिच्याकडे चालत आली. "लघवीची वाट अजून बंद नाही झाली. भीतीनं आवळून धरलंय त्यानं. घर गेलं, माणसं गेली, अंगाचा ओळखीचा वास एका गोणपाटात उरला होता, तो तू धुतलास."

"मी तर..."

"चांगल्यासाठीच धुतलास, माहीत आहे. मग त्याला दारात बसवून अख्ख्या रानाला हुंगायला दिलंस. पाण्याला लागून वाळू ठेवलीस, आपण तरी पितो का तसं? आणि लघवीला बसला की मागे जाऊन खडखडाट करतेस."

"कसला खडखडाट?"

घोरपडीनं नुसतं तिच्या शेपटीकडे बोट दाखवलं. आणि त्या शांततेत, मुलांनो, सायाळीला आयुष्यात पहिल्यांदा आपलेच काटे ऐकू आले. खडखड, खडखड, खडखड. एखादं मोठं जनावर दात वाजवत तिच्या मागे उभं असावं, तसा आवाज.

"अगं बाई," ती खाली बसली. "म्हणजे त्याला घाबरवणारी मीच होते."

"मागच्या खोलीत अंधारात वाळू ठेव," घोरपड म्हणाली. "पाणी दुसरीकडे, दोन ठिकाणी. डबक्यातले मासे दे, पाण्यासकट. लपायला जागा ठेव. कुणाला आत सोडू नकोस आणि तूही बघायला जाऊ नकोस. पण एक ऐक. सूर्य मावळेपर्यंत वाळू ओली नाही झाली, तर वाट बंद झाली समज. मग मला बोलाव. मला पोट दाबून काढावं लागेल, आणि त्यात तो जगेलच असं मी म्हणत नाही."

"कुणाला आत सोडू नको?" वानरीण वरून ओरडली. "आणि रीत? बिबट्यानं अजून हुंगलेला नाही त्याला! उद्या ससा समजून उचलला तर कुणाच्या नावानं रडाल?"

तेही खोटं नव्हतं. सायाळीनं एकीकडे बोक्याकडे पाहिलं, दुसरीकडे रानाच्या वाटेकडे. मग म्हणाली, "आधी संध्याकाळपर्यंत जगू दे त्याला. मग बिबट्याचं बघते."

तिनं सगळं घोरपडीनं सांगितलं तसं केलं. मागच्या खोलीत पोकळ ओंडका नेऊन ठेवला, कोपऱ्यात वाळू केली, गोणपाट ओंडक्यात सरकवलं. बोका आत शिरला तो दिसेनासाच झाला. राहिले ते काटे. काळजी तर थांबणार नव्हती, मग काटे तरी कसे थांबतील? सायाळीनं शेपटी पायाखाली दाबून पाहिली, वेलीनं बांधून पाहिली. वेल तुटली. ओढ्याच्या काठावर म्हशींनी लोळून लोळून केलेलं चिखलाचं एक डबकं होतं. सायाळीनं त्याच्याकडे पाहिलं, आपल्या धुतलेल्या काट्यांकडे पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि त्यात बसली. बसली ती लोळलीसुद्धा. उठली तेव्हा एकूण एक काटा दुसऱ्याला चिकटला होता. शेपटी हलवून पाहिली. आवाज नाही.

"हे काय ध्यान केलंत!" वानरीण म्हणाली.

"छान थंड वाटतं," सायाळ म्हणाली. "तुम्हीपण या."

ती बिळाच्या तोंडात अशी जाऊन बसली की आत जायला वाटच उरली नाही. पाठ बोक्याकडे. रानडुकरीण आपली सात पिल्लं घेऊन हुंगायला आली होती, ती समोरचा चिखलाचा ढीग बघून दोन पावलं मागे सरली. "आज बघणं नाही," सायाळ म्हणाली. "उद्याही नाही. मुलांना घरी न्या." रानडुकरीण पुटपुटत गेली.

मागे वळून बघायचा मोह किती झाला म्हणून सांगू! मान नुसती दुखायला लागली. आतून काहीच आवाज येत नव्हता. ऊन जांभळाच्या शेंड्यावरून खोडावर उतरलं. सायाळ स्वतःशी म्हणाली, 'एवढं ऊन त्या मुळापर्यंत आलं की मी बघणार.' मग चार दिवसांचा शीण आणि तो गार चिखल यांनी मिळून तिचा घात केला, आणि मुळापर्यंत ऊन यायच्या आत ती बसल्या बसल्या झोपी गेली.

जाग आली तेव्हा ऊन कुठेच नव्हतं. आभाळात तांबडी कड तेवढी उरली होती. मुदत टळली होती. सगळे काटे एकदम थरथरले असते, पण ते चिकटलेले होते. आणि म्हणूनच तिला तो आवाज ऐकू आला.

खर्र. खर्र. खर्र.

कुणीतरी आत वाळू उकरून काहीतरी झाकत होतं.

सायाळ हलली नाही. श्वाससुद्धा अर्धाच घेतला. मग पाण्याच्या द्रोणाशी जिभेचा लपलप आवाज आला, मग मासा खाल्ल्याचा. बोका पुन्हा ओंडक्यात शिरल्यावरच ती पोटावर सरकत मागच्या खोलीत गेली. वाळूत कवठाएवढा ओला गोळा होता. त्यात थोडी गुलाबी छटा होती, पण होता. सायाळीनं आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं, आणि हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

घोरपडीनं येऊन पोट चाचपलं आणि म्हणाली, "हं. रिकामं झालंय. महिनाभर असंच चालू दे. मधूनच पुन्हा बिघडेल, तेव्हा वानरिणीचं ऐकू नकोस."

सायाळीनं तो गोळा एका सागाच्या पानावर काढला आणि पान बिळाबाहेर वाटेवर नेऊन ठेवलं. जांभळाकडे तोंड करून म्हणाली, "ओ बाई, सांगा सगळ्यांना. हा त्याचा वास. ज्याला ओळख करून घ्यायची त्यानं इथेच हुंगावं आणि इथूनच परत जावं. बिबट्यालाही सांगा."

वानरिणीनं नाक मुरडलं, पण सांगितलं. सगळे आले. रानडुकरीण सात पिल्लं घेऊन पुन्हा आली. सकाळी पानाशेजारी बिबट्याच्या पंजाचे ठसे होते, एक येतानाचा, एक जातानाचा. रीत पुरी झाली आणि बोक्याला पुन्हा कुणी शिवलंही नाही. त्या रानात नव्या पाहुण्याचं पान ठेवायची पद्धत पडली ती तेव्हापासून.

सायाळ पुढे महिनाभर रोज चिखलात बसली. मध्ये एकदा वादळ झालं, तेव्हा बोक्यानं पुन्हा कंद भिजवले. सायाळीनं ते धुतले आणि आणखी एक द्रोण भरून ठेवला. गोणपाट मात्र तिनं परत धुतलं नाही. त्याला आता बोक्याचा वास होता, आणि खरं सांगायचं तर चांगलाच होता.

मग एका दुपारी ओढा आटला, डबकं सुकलं, तिच्या अंगावरचा चिखल ढेकळं होऊन गळून पडला. नेमका त्याच वेळी बोका वाळूकडे निघाला. सायाळीला काळजी वाटली आणि काटे वाजले. खडखड. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

बोक्यानं मान वळवली. "मावशी," तो म्हणाला, "तुम्हीच ना?"

"मीच रे."

"मग ठीक आहे," असं म्हणून तो वाळूत जाऊन बसला.

सायाळीला रडू येत होतं, पण रडायचीसुद्धा ताकद उरली नव्हती. म्हणून ती तिथेच आडवी झाली आणि न झाडलेल्या बिळात गाढ झोपली.

तात्पर्य : भेदरलेल्या जिवाला आपली काळजी ऐकवत बसू नये, त्याला आडोसा द्यावा, वेळ द्यावा, आणि आपण दाराशी गप्प बसावं.