संत्र्यासारखा रथ

ही गोष्ट अगदी खरी आहे, गळ्याशपथ. म्हणजे बैल बोलतो तेवढं सोडून. आणि राजा खरंच राजा होता की नुसता रुबाब करायचा, याबद्दलही दोन मतं आहेत. बाकी सगळं खरं.

तर फार फार जुन्या काळी एक राज्य होतं. एवढंसं, की राजा शिंकला तर शेजारच्या राज्यातले लोक तोंड पुसायचे. राजाकडे एक रथ होता आणि एक बैल. बैलाचं नाव दमल्या. नाव जन्मतःच ठेवलं होतं आणि त्याने ते कधी खोटं पाडलं नाही.

राजाच्या ताईचं लग्न ठरलं, तेव्हा रथाला नवा लाल रंग दिला. रंग दाट होता, ऊन कडक होतं. वाळला तो सगळा बारीक बारीक पुटकुळ्यांचा. सासरी जायला ताई रथात चढली, बाजूवरून हात फिरवला आणि वऱ्हाडासमोर खो खो हसली.

"बाळ्या, रथ आहे की संत्रं रे?"

वऱ्हाडही हसलं. राजाचे कान लाल झाले, रथापेक्षा छान आणि एकसारखे.

"हसून घे," तो म्हणाला. "आता हा रथ आरशासारखा होईल, तेव्हाच तुला माहेरी न्यायला येईन."

"लवकर ये म्हणजे झालं," ताई म्हणाली.

दिवाळी जवळ आली. राजाने रंगाऱ्याला बोलावलं. रंगाऱ्याने ओल्या फडक्यावर बारीक वाळू घेऊन घासायला सुरुवात केली. पुटकुळ्या गेल्या. रंगही गेला. लाकूड दिसायला लागलं. मग पुन्हा रंग दिला, पुन्हा पुटकुळ्या आल्या.

"लांबून काही दिसत नाही, महाराज," रंगारी म्हणाला.

"ताई लांबून बघत नाही."

"मग पुढच्या दिवाळीला जा."

पुढच्या दिवाळीला डाव्या बाजूला थोडं राहिलं होतं. त्याच्या पुढच्या दिवाळीला डावी बाजू झाली, पण तिच्यापुढे उजवी वाईट दिसायला लागली. असंच चाललं. घासणारा दमला, बघणारा दमला. दमल्या तर आधीपासूनच दमलेला.

"मला जुंपा आणि चला एकदाचे," तो म्हणायचा. पण बैलाचं कोण ऐकतं?

तिकडे ताई दर भाऊबीजेला ओवाळणीचं ताट घेऊन उंबऱ्यात बसायची. संध्याकाळी ताट आत नेऊन ठेवायची. पुढे तिची नजर गेली, तरी ताट बाहेर यायचंच.

शेवटी एकदा रथ झाला. आरशासारखा. राजा कौतुकाने वाकला, तर रथात एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा.

"हे कोण?" राजा दचकला.

"तुम्ही," रंगारी म्हणाला. "पुटकुळ्या होत्या तोवर नीट दिसत नव्हतं."

राजाने मुंडासंसुद्धा बांधलं नाही. तसाच निघाला.

ताई उंबऱ्यातच होती. चाकं वाजली तशी उठली, चाचपडत आली आणि रथावरून हात फिरवला. एकदा. दोनदा. मग हात मागे घेतला.

"हा आमचा रथ नव्हे."

"ताई, मी आलोय गं! बाळ्या!"

"बाळ्याचा आवाज असा नाही. आणि त्याचा रथ संत्र्यासारखा आहे. तो येणार आहे. तुम्ही वाटेतून बाजूला व्हा, त्याला दिसायचं नाही."

राजा परत आला. "रथ पहिल्यासारखा बिघडवून दे," रंगाऱ्याला म्हणाला. रंगाऱ्याने दाट रंग घेतला, कडक ऊन बघितलं, वाकडातिकडा ब्रश मारला. रंग वाळला तो आरशासारखा. इतकी वर्षं घासून घासून त्याचा हात सुधारला होता. आता त्याला वाईट जमेना. रंगारी रथाच्या चाकाला टेकून रडला.

"रथ सोडा," दमल्या खाली बसत म्हणाला. "एक संत्रं घ्या आणि चालत जा. मला उठवू नका."

राजाला दुसरं काही सुचेना. तो चालत गेला आणि ताईच्या हातात संत्रं ठेवलं.

ताईने सालीवरून बोटं फिरवली. बराच वेळ.

"बाळ्या," ती म्हणाली, "रथ केवढासा झाला रे!"

"घासून घासून झिजला, ताई."

ताई हसली. वऱ्हाडासमोर हसली होती तशीच. माहेरी जायचं तर आता तिच्याच्याने चालवत नव्हतं आणि संत्र्यात बसता येत नव्हतं. मग तिने भावाला ओवाळलं, दोघं उंबऱ्यात बसली आणि तो रथ सोलून खाल्ला. थोडा आंबट होता. तिला मिळालं ते माहेर एवढंच, दहा-बारा फोडींचं.

म्हणून सांगतो: कुणी वाट बघत असेल तर आहे तसे निघा, चकाकी नंतर आणता येते.

झाली गोष्ट. आता गोष्टीचं मोल काढा. पैसे नकोत, एक संत्रं द्या. आणि चांगलं शोधत बसू नका, हाताला येईल ते द्या.