गळा कोणाचा?

उंबरगडात पुराचा नगारा वाजला, तेव्हा कुंभारआळीतले लोक छपरावर बसून भिजत होते. नगारा ऐकून त्यांना हसावं की रडावं तेच कळेना!

पाणी ओसरल्यावर भागू कुंभारीण तडक दरबारात गेली. तिची सासू बाजेवरून उठू शकत नव्हती. या खेपेला भागूने तिला पाठुंगळी घेऊन कशीबशी छपरावर चढवली होती. पुढच्या खेपेला जमेल याची तिला खात्री नव्हती, आणि पावसाळा तर अजून अर्धा बाकी होता!

"महाराज, नगारा उशिरा वाजतो!"

राजा जयसेन गादीवर तटकन उठून बसला. राजा अंगाने लहानखुरा, पण हट्टाने मोठा. "अशक्य! आमचा हुकूम स्पष्ट आहे. पाणी गळ्याशी आलं की नगारा वाजवावा!"

"पर कोनाच्या गळ्याशी, महाराज?"

हा प्रश्न हुकूम लिहिणाऱ्या चिटणीसालाही पडला होता, पण राजाला विचारायची त्याची छाती झाली नव्हती. त्याने आपला राज्यातला सर्वांत मानाचा गळा निवडला. सेनापती हैबतरावांना नदीच्या घाटावरच्या दगडी खांबाला टेकून उभं केलं आणि त्यांच्या गळ्यापाशी तांबडी रेघ ओढली. हैबतराव म्हणजे साडेसहा फुटांचा गडी! पाणी त्या रेघेला लागेपर्यंत सखल कुंभारआळी केव्हाच बुडालेली असे.

"रेघ एक, नगारा एक, सगळ्या प्रजेला हुकूम एक!" राजा गरजला. "यात अन्याय कुठे आहे? उगाच गळा काढू नकोस!"

"रेघ एक हाय, महाराज, पर माणसं एका उंचीची न्हाईत. आळ्या बी न्हाईत."

राजाचं नाक लाल झालं. उंचीचा विषय त्याला आवडत नसे. "असं? मग तूच आण असा एक गळा, जो उंच, बुटका, उभा, आडवा, सगळ्यांच्या मापाचा असेल! उद्या सूर्य मावळायच्या आत! नाही आणलास, तर रेघ आहे तिथेच राहील आणि कुंभारआळीने पुन्हा तोंड उघडायचं नाही!"

दरबारी मिशीत हसले. भागू मात्र "व्हय जी" म्हणून घरी गेली आणि तिने कुदळ उचलली.

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हातांनी दरबारात हजर!

"गळा कुठे आहे?" राजाने विचारलं.

"जड हाय, महाराज. आपनच चलावं."

सगळा लवाजमा निघाला. वाटेत घाट लागला. भागू म्हणाली, "महाराज, जरा या खांबाला टेकून उभं ऱ्हावा."

राजा उभा राहिला. तांबडी रेघ त्याच्या पगडीच्या तुऱ्यावर चांगली वीतभर निघाली! हैबतरावांना एकदम खोकला आला. चिटणीस आभाळात ढग शोधू लागला.

"म्हणजे नगारा वाजेल तेव्हा मी..." राजाने मान वर करून रेघेकडे पाहिलं.

"तवा महाराजांना नगारा ऐकू यायचा न्हाई," भागू हळूच म्हणाली. "कानात पानी गेलेलं असंल."

मग तिने सगळ्यांना कुंभारआळीच्या अगदी खालच्या टोकाला नेलं. तिथे जमिनीत एक मोठा रांजण पुरला होता. फक्त गळा वर!

"ह्यो बघा गळा!"

"मी माणसाचा गळा मागितला होता!" राजा ओरडला.

"महाराज नुसतं 'गळा' म्हनाले. आन् हुकमात तरी माणसाचा कुटं लिवलाय?"

चिटणीसाने हुकूम पुन्हा वाचला. खरंच लिहिलं नव्हतं!

हैबतराव पुढे सरसावले. "पावसानेच भरेल हा रांजण! रोज खोटा नगारा वाजवायचा का?"

"वर झाकण ठिवलंय की! पाऊस वरनं येतो, सेनापती, पूर बाजूनं येतो. पूर ह्या गळ्याशी आला, तवा माझी सासू बाजेवर कोरडी, महाराजांचे जोडे कोरडे, आन् तुमचे तर घोटे बी भिजत न्हाईत. सांगा, कोनाला बसत न्हाई ह्यो गळा?"

राजाने रांजणाकडे पाहिलं, हैबतरावांच्या उंच गळ्याकडे पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. "हरलो, बाई! पुसा ती रेघ! आजपासून हाच सरकारी गळा! आता बक्षीस माग."

"नगारा द्या, महाराज. आमच्या आळीत ठेवायला. पानी पहिलं आमालाच दिसतं."

"अगं पण इथला नगारा वर वाड्यात मला ऐकू कसा यायचा?"

"आमची गाढवं वरडली, की आपली दुपारची झोप मोडती म्हून दर महिन्याला शिपाई दम द्यायला येतो, महाराज! गाढव ऐकू येतं, तर नगारा न्हाई येनार?"

राजा इतका हसला की पगडी निसटून रांजणावर पडली. त्याच दुपारी सहा बैलांच्या गाड्यावर नगारा कुंभारआळीत उतरला, आणि तो वाजवायच्या टिपऱ्या राजाने स्वतःच्या हाताने भागूला दिल्या.