आईच्या वाट्याच्या साली

तोंड वाकडं करू नका पाहुणे, दुसरा घोट घ्या. आमच्या ठकाईच्या उतारावरची लाल वाइन आधी जीभ आवळते, गोडी मागून येते. या मळ्यात माझी, पुंजा भोयेची, सगळी हयात गेली. पण ही चव मळ्याच्याही आधीची आहे. समोर तो जांभळा डाग पडलेला दगड दिसतो ना, त्याची गोष्ट अशी सांगतात.

फार जुन्या दुष्काळात इथे ठकाबाई नावाची बाई राहायची. पदरी एकच लेक, भिवरा. ती तापानं अंथरुणाला खिळलेली, घशाखाली घास उतरेना. डोंगर सगळा करपलेला, फक्त झऱ्याकाठी काळ्या द्राक्षाचा एक वेल तग धरून होता. ठकाबाईनं या दगडापुढे शब्द दिला म्हणे, "डोंगराई माते, रस आधी लेकीचा. उरंल ते माझं."

रोज ती द्राक्षं पदरातून पिळायची. काळ्या द्राक्षाचाही रस पांढुरकाच निघतो, बरं का. रंग सगळा सालीत, जीभ आवळणारा तुरटपणाही सालीतच. रस भिवराला, मूठभर साली स्वतःला. लेक विचारायची, "आये, तू जेवलीस?"

"मघाच जेवले, माय."

भिवरा बरी झाली, उठून चुलीपाशी गेली. चूल कधीची थंड पडलेली. शेजारच्या मडक्यात नुसत्या साली. पोरीनं रसाची वाटी आईच्या ओठांना लावली, पण ठकाबाईनं तोंड फिरवलं. शब्द तो शब्द. त्याच सांजेला ती गेली. लेक वाचवून आई उपाशी मेली. भिवरानं तो रस सालींच्या मडक्यात ओतला आणि वर झाकण ठेवलं.

दहाव्याला घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून तिनं तेच मडकं दगडापाशी आणलं. झाकण काढलं तर रस लालभडक! पण कावळा शिवेना. लोकांनी हात जोडले, नाही नाही ती वचनं दिली. शेवटी भिवरालाच उमगलं. आधी लेकीनं प्यायचं, असाच तर आईचा शब्द होता. तिनं ओंजळभर रस घेतला, रडत रडत गिळला. उरलेला दगडावर ओतला, तेव्हा कुठे कावळा उतरला.

तेव्हापासून इथे लाल रसाला सालींपासून लगेच तोडत नाहीत, असं म्हणतात. आजही हंगामाचं पहिलं पिंप उघडलं की पहिला घोट माहेरी आलेली लेक घेते, उरलेला पेला दगडावर रिकामा होतो. आणि त्या दिवशी आमच्या गावात कुठलीच आई "मघाच जेवले" म्हणत नाही. लेकीशेजारी पाट मांडून बसते आणि दोघी एकदमच पहिला घास घेतात.