डोमाजीकाकांचा नकार

"मग त्या तीनशे म्हाताऱ्यांचा होकार खोटा होता का, भन्तेजी?"

भन्तेजी विहाराच्या ओसरीवर चीवर वाळत घालत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"इतके म्हातारे तुला भेटले कुठे?"

प्रज्योत परदेशात शिकून नागपुरात परतला होता. एकट्या राहणाऱ्या वृद्धांशी बोलणारं, औषधाची आठवण करून देणारं एक ॲप त्याने काढलं होतं. थोडंसं बनवायचं, लोकांच्या हातात द्यायचं, ते काय म्हणतात ते ऐकून सुधारायचं, अशी त्याची तिकडे शिकलेली रीत. पण दारोदार फिरण्यात महिने जातात. म्हणून त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेकडूनच म्हातारे बनवून घेतले आणि त्यांनाच विचारलं. सगळ्यांना ॲप आवडलं.

"एकालाही खोकला नव्हता?"

"होता. मी घालायला सांगितला होता."

"कुणी रागावलं तुझ्यावर?"

"...नाही."

खरा म्हातारा त्याने एकच गाठला होता. विहारामागे राहणारे डोमाजीकाका. लहानपणी त्यांनीच त्याला सायकल शिकवली होती. ॲप घालून दिलेला फोन काकांनी आठवड्याच्या आत परत पाठवला. कारण कळवलं नाही. आता सगळं त्या कारणावर अडलं होतं. दिशा बदलायची, की कंपनी बंद करून सोबतच्या पोरांना घरी पाठवायचं?

"त्यालाच विचारायचं होतंस."

प्रज्योतने सांगितलं, तीही सोय केली आहे. काकांचं वय, आजार, बोलण्याची ढब, सगळं यंत्राला दिलं आहे. आता काका केव्हाही उत्तर देतात. आज सकाळीच दिलं. चांगलं पानभर.

त्याने मोबाइल पुढे केला.

भन्तेजींचे हात दोरीवरच थांबले.

"डोमाजी गेला, प्रज्योत. मागच्या महिन्यात. तुला निरोप धाडला होता... तू कामात होतास."

प्रज्योतने मागच्या घराकडे पाहिलं. दाराला कुलूप होतं. कुणीतरी उंबऱ्यापाशी सरपण रचून ठेवलं होतं.

तो मोबाइल खिशात घालू लागला.

भन्तेजींनी त्याचं मनगट धरलं. मग हळूहळू पायरीवर बसले आणि शेजारची जागा हाताने झाडली.

"वाच... शेवटी मी त्याच्या उशाशीच होतो. माझ्याशी तो एक शब्द बोलला नाही."