कवडीची शेवटची पिल्लं

एका राज्यात कुत्र्यांना आवाज नव्हता. लांडगे भर दिवसा येत आणि मेंढरू उचलून नेत. कुत्री धावत, दात विचकत, पण भुंकणं नाही. सात वर्षं असंच चाललं होतं.

चूक मायाप्पाची. तो राजाच्या शिकारखान्यातली कुत्री राखी. कवडी नावाच्या कुत्रीचं पिल्लू मागायला एक सरदार आला होता. काय खायला घालाल? दूधभात. कुठं निजवाल? गादीवर. मायाप्पा खूश झाला, पिल्लू दिलं. सरदाराची आधीची कुत्री कुठं गेली, हे त्यानं विचारलं नाही. पिल्लू गच्चीवर बांधलेलंच राहिलं. तीन दिवस आईला हाका मारत उन्हात मेलं.

त्या हाका डोंगरावरच्या मांत्रिकानं ऐकल्या. त्यानं राज्यातल्या साऱ्या कुत्र्यांचे आवाज तांब्याच्या घड्यात कोंडले.

"तुम्हाला ऐकायचं नाही, तर त्यांना आवाज कशाला?" तो म्हणाला. "कवडीची तीन पिल्लं तीन खऱ्या माणसांच्या घरी जातील, तेव्हा घडा फुटेल. एक जरी खोट्याच्या घरी गेलं, तर कधीच फुटणार नाही."

आपली साळुंकी त्यानं शिकारखान्याच्या दारावर बसवली. तिला कुणाचंही घर तिथून दिसे.

सात वर्षं कवडी व्याली नाही. म्हातारपणी व्याली, तीनच पिल्लं झाली. आता पुन्हा होणार नव्हती. मायाप्पानं ती दोन महिने आईच्या कुशीत ठेवली. मग दवंडी पिटवली.

पहिला सोनार आला.

"आधीचं कुत्रं कुठं आहे?" मायाप्पानं विचारलं.

"पळून गेलं."

"पळालं नाही," साळुंकी म्हणाली. "मुलगा झाला तेव्हा यानं ते बाजारात सोडलं."

सोनार आल्या पावली गेला. तसे पुष्कळ गेले.

मग गेनबा मेंढपाळ आला. "माझं म्हातारं होऊन मेलं. बाभळीखाली पुरलं. अजून जेवताना भाकरीचा तुकडा बाजूला काढतो. बायको हसते."

"हसत नाही," साळुंकी म्हणाली. "तीही काढते. तू उठलास की."

पहिलं पिल्लू गेनबाबरोबर गेलं.

ठकूबाई कुंभारणीनं कुत्रं कधी पाळलंच नव्हतं.

"मग आता कशाला हवं?"

"घर फार गप्प आहे, बाबा."

"बाई, कुत्रीही गप्पच आहेत."

"श्वास तर ऐकू येईल."

साळुंकी म्हणाली, "खरं आहे. हिचं चाक थांबलं की तिथं काहीच वाजत नाही." दुसरं पिल्लू गेलं.

तिसरं मायाप्पाच्या मांडीवर निजत असे. ते आपल्याचकडे राहावं, असं त्याला वाटू लागलं होतं. त्याच दिवसांत राजा आला.

"तिसरं आम्हाला हवं."

मायाप्पानं मुजरा केला, पण पिल्लू हातचं सोडलं नाही. "महाराज, आधीचं कुत्रं कुठं आहे?"

"शिकारीत मेलं."

"मेलं नाही," साळुंकी म्हणाली. "डोळे गेले म्हणून रानाच्या कडेला सोडलं. चार कोसांवर आहे. पावलं वाजली की मान वर करतं."

राजाचा चेहरा काळवंडला. "मायाप्पा, हा पक्षी उडव. आणि पिल्लू दे. नाहीतर डोकं जाईल."

"जाऊ दे, महाराज. एकदा न विचारता दिलं आहे."

राजानं तलवारीला हात घातला. कवडी त्याच्याकडे टक लावून बघत होती. त्याचा हात खाली आला. तो वळला आणि एकटाच पायी रानाकडे गेला.

तिसऱ्या दिवशी तो परत आला. खांद्यावर हाडांचा सापळा झालेलं आंधळं कुत्रं होतं.

"ओळखलं त्यानं?" मायाप्पानं विचारलं.

"वासावरून. रागावलंसुद्धा नाही." राजानं कुत्रं हळूच खाली ठेवलं. "आधीचं कुत्रं हे. गुन्हा माझा."

"खरं आहे," साळुंकी म्हणाली आणि डोंगराकडे उडून गेली.

मायाप्पानं पिल्लू बराच वेळ छातीशी धरलं. मग राजाच्या हातात दिलं.

डोंगरावर घडा फुटला. आवाज खोऱ्यात उतरले, ज्याचा त्याला मिळाला. गावोगाव कुत्री भुंकली. लांडगे माघारी फिरले. माणसं घराबाहेर येऊन नुसती ऐकत उभी राहिली. त्या दिवसापासून मेंढरं सुखानं चरू लागली.

एक आवाज मात्र उरला. तो लहान होता, पातळ होता, आणि त्याला गळा नव्हता. मेलेल्या पिल्लाची हाकही त्याच घड्यात होती. ती सात वर्षांची वाट चालून शिकारखान्यात आली. कवडी उठली, सरकली, पोत्यावर जागा केली आणि त्या रिकाम्या जागेभोवती अंग वळवून पडली.

मायाप्पानं दार लोटून घेतलं. आत एक पिल्लू दूध पिताना करतं तसा आवाज येत होता.